वाचकांचे प्रश्न : गोठ्यापर्यंत पोचणारा मेसेज

दूध, गुरं आणि मोबाईल यावर तुमचे प्रश्न मागवले होते, आले ते बहुतेक कोकणातूनच आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण दोघातिघांनी तसं सांगितलंय आणि गावात कोण कुणाचं ते नुसत्या आडनावावरून कळतं.

प्रश्न : आमची लहानशी दूध संस्था आहे. सभासदांकडे एक-दोन म्हशी नाहीतर एखादी संकरित गाय, बाकी गावठी गुरं. जनावरांची माहिती टाकू म्हणून मी सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आता त्याच्यावर सकाळी देव, दुपारी वाढदिवस आणि रात्री राजकारण. लसीकरणाचा मेसेज टाकला की तासाभरात कुठे वाहून जातो तो मलाच सापडत नाही. काय करावं?
— दूध संस्थेचे सचिव, लांजा तालुका

उत्तर : सचिव भाऊ, आधी पाच मिनिटांचं काम करून टाका. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिन पाठवू शकेल असं करा. चार जण रुसतील, रुसू देत, त्यांना गप्पांचा वेगळा ग्रुप काढून द्या म्हणजे देवपण तिकडे जातील. पण खरं दुखणं ते नाहीच. ग्रुप शांत झाला तरी तुम्ही त्यात टाकणार काय? "समतोल आहार द्या", "गोठा स्वच्छ ठेवा", "जनावरांची काळजी घ्या". हे कोणाला माहीत नाही हो? असला मेसेज चुकीचा नसतो, पण तो कुठल्याच एका म्हशीचा नसतो, म्हणून कोणी वाचत नाही आणि वाचला तरी उठून काही करत नाही.

मेसेज जनावराच्या तारखेवर जायला पाहिजे. केनियात २०११ मध्ये आयकाऊ नावाची सेवा सुरू झाली ती ह्याच डोक्याने. तिकडेही एक-दोन गायीवाले लोक, हातात साधा बटणाचा फोन. शेतकऱ्याने गाय कधी भरवली ती तारीख एसएमएसने कळवायची, मग त्या गायीचे दिवस मोजून पुढचे एसएमएस त्याला येत राहायचे, आता हे बघ, आता खायला हे दे, आता दूध आटव. ह्याच्यासाठी कॉम्प्युटर लागलाच पाहिजे असं नाही, तुमच्या संस्थेएवढ्या पसाऱ्याला एक फुलस्केप वही आणि मोबाईलचं कॅलेंडर बास होतं. वहीत जनावर, कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, गोठ्यात प्रत्यक्ष कोण राबतं त्याचा मोबाईल नंबर, आणि कृत्रिम रेतन केलं की त्याच दिवशी ती तारीख. रेतन करणारा माणूस गावात आला की त्याच्याकडून लगेच तारखा उतरवून घ्या, महिन्याने विचारलं तर कोणालाच आठवत नाही.

आता त्या एका तारखेतून किती मेसेज निघतात बघा. गाय काय म्हैस काय, माज साधारण २१ दिवसांनी परत येतो, म्हणून रेतनानंतर १७व्या दिवशी मेसेज गेला पाहिजे, आणि तो असा : "वहिनी, उद्यापासून आठवडाभर कबरी गायीकडे पहाटे आणि रात्री निजायच्या आधी नीट बघा. बळस (मागून चिकट स्राव) टाकते का, हंबरते का, दूध एकदम कमी दिलं का. दिसलं तर मला मिस कॉल द्या." झालं, एवढाच. त्यात नाव आहे, दिवस आहे, काय बघायचं ते आहे आणि पुढे काय करायचं तेपण आहे. म्हशीवाल्यांना मात्र पहाटे-रात्री हे शब्द ठळक करून पाठवा, कारण म्हैस मुका माज दाखवते, दिवसा पाण्यात नाहीतर सावलीत पडलेली असते आणि बोंबलत नाही, त्यात गुपचूप माज निघून जातो. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम एकदा व्हॉइस नोट करून सगळ्यांना पाठवून ठेवा, पुन्हापुन्हा लागतो.

परत माज आला नाही तर खूश होऊन गप्प बसायचं नाही. दोन ते तीन महिन्यांच्या मध्ये डॉक्टरकडून गाभण तपासणी, त्याचा मेसेज. गायीचा सातवा, म्हशीचा आठवा महिना संपत आला की आटवायचा मेसेज, कारण व्यायच्या आधी दोन महिने कासेला विश्रांती पाहिजे. हा मेसेज लोकांना आवडत नाही, चालू दूध बंद करायला कोणाचं मन होतं? पण तो दोनदा पाठवा. मग गायीला नऊ महिने नऊ दिवस आणि म्हशीला दहा महिने दहा दिवस धरून व्यायच्या आठ-दहा दिवस आधी एक : जागा कोरडी ठेवा, डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये आहे ना ते बघा. व्यायली की त्याच दिवशी : वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा, वार पडायची वाट बघून वासराला थांबवू नका, आणि वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नका, फोन करा. (खरवसाची मागणी गोठ्याच्या दारात उभी असते हे मला माहितीय, शेजाऱ्यांपासून मुंबईच्या आत्यापर्यंत. आधी वासराचं पोट भरू दे, खरवस उरल्या चिकाचा.) पाडी झाली असेल तर तिची वेगळी ओळ वहीत लगेच उघडा, कारण ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासराला ब्रुसेलोसिसची (गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची) लस आयुष्यात एकदाच द्यायची असते आणि ते वय निघून गेलं की गेलं.

हे मेसेज ग्रुपवर नाही टाकायचे, ज्याचं जनावर त्याला एकट्याला पाठवायचे. सगळ्यांसाठीचं जे असेल, लसीकरण कुठल्या वाडीत कधी, दुधाची गाडी उद्या उशिरा येणार, पेंडीचे पोते आलेत, ते ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवा. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात. एक गोम आहे, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर ब्रॉडकास्ट त्याला पोचतच नाही, आणि पोचला नाही हे तुम्हाला कळतपण नाही. सकाळी दूध घालायला येतात ना, तेव्हाच प्रत्येकाचा फोन हातात घेऊन तुमचा नंबर स्वतः सेव्ह करून द्या.

प्रश्न : आमच्याकडे दोन म्हशी आणि एक गाय. मिस्टर मुंबईला, सासरे थकलेत, त्यामुळे शेण काढण्यापासून धारा काढण्यापर्यंत सगळं मीच करते. पण संस्थेत नाव मिस्टरांचं आणि नंबरपण त्यांचाच. म्हशीच्या लसीचा मेसेज त्यांना भांडुपला येतो, ते रात्री फोनवर सांगतात, तोपर्यंत डॉक्टर येऊन गेलेले असतात. माझ्याकडे फोन आहे पण वाचायला मला वेळ लागतो.
— एक वाचक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, तुमच्यासारखी पत्रं अजून होती, सगळ्यांना हेच उत्तर. सभासद कोण आहे ते तसंच राहू दे, त्याला कागद-सह्या लागतात, पण मेसेजचा नंबर बदलायला काहीच लागत नाही. सचिवांना सांगा, माझा नंबर घाला. मिस्टरांचापण ठेवा, त्यांनापण कळू दे घरी काय चाललंय. सचिव लोकहो, तुम्हीपण ऐका : बायका सोसायटीत दूध घालायला येतात तेव्हा त्यांनाच विचारा की मेसेज कोणत्या नंबरवर पाहिजे. कोकणात अर्धी वाडी चाकरमानी, पुरुष मुंबईला आणि गुरं बाईच्या जिवावर, हे माहीत असून आपण वर्षानुवर्षं भांडुप-डोंबिवलीच्या नंबरवर गोठ्याचे मेसेज पाठवतो म्हणजे कमाल आहे.

वाचायचा प्रश्न व्हॉइस नोटने सुटतो. इफ्को ही खतांची सहकारी संस्था आणि एअरटेल यांनी मिळून २००७ मध्ये शेतकऱ्यांसाठी बोलते मेसेज सुरू केले होते, एका मेसेजला साधारण मिनिटभर, स्थानिक भाषेत, फोन कानाला लावला की ऐकू येणार. मिनिट हे माप चांगलं आहे, त्याच्यावर गेलं की मन भरकटतं. बोलणारा तुमच्या ओळखीचा असावा, रेडिओवरच्या बातम्यांसारखं नको, संस्थेतला माणूस किंवा पशुधन पर्यवेक्षक जसा अंगणात उभा राहून बोलतो तसंच बोलू दे. सुरुवातीलाच कोणासाठी आणि कशाबद्दल ते सांगावं, म्हणजे "ज्यांच्या म्हशी गाभण आहेत त्यांच्यासाठी", बाकीच्यांनी बंद केला तरी चालेल. आणि वेळ. पहाटे आणि संध्याकाळी धारेच्या वेळी बाईचे हात कासेला असतात, तेव्हा फोन वाजला तर म्हैस बिचकते आणि पान्हा चोरते ते वेगळंच. दुपारी जेवणं आटपल्यावर, नाहीतर रात्री साडेआठ-नऊला पाठवा.

ताई, तुम्ही परत व्हॉइस नोट पाठवायची सवय करा, लाजू नका. "ऐकलं" एवढं बोललात तरी पाठवणाऱ्याला कळतं. निळ्या टिकवरून फार काही कळत नाही, व्हॉइस नोट नातवानेपण वाजवलेली असते.

प्रश्न : मी डिप्लोमा केलाय, गावातल्या लोकांना यूट्यूब, व्हॉट्सॲपवरचं गुरांच्या आजाराचं पाठवत असतो. कासदाह (कासेची सूज) झाला तर कोणतं इंजेक्शन किती द्यायचं त्याचा एक मेसेज फिरतोय, तो पाठवू का? लंपीच्या वेळी तर एवढे फॉरवर्ड आले की लोकांनी दूध प्यायचं सोडलं होतं. खरं-खोटं कसं ओळखायचं?
— एक तरुण वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : इंजेक्शनचा मेसेज पाठवू नकोस मित्रा, आणि आलेला असेल तर पुढेपण ढकलू नकोस. सडाला सूज दिसली म्हणजे सगळीकडे एकच जंतू नसतो, औषध तपासून ठरतं, आणि अँटिबायोटिक दिलेल्या जनावराचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस डेअरीला घालायचंच नसतं. फॉरवर्डमध्ये डोस असतो, हे दूध टाकून द्यायचं वाक्य नसतं. अर्धवट बरी झालेली कास पुढच्या वेताला परत दगा देते.

२०२२ मध्ये लंपी महाराष्ट्रभर पसरला तेव्हाचं तू म्हणतोस ते बरोबर. लंपी माणसाला होत नाही. दूध तसंही उकळूनच प्यायचं असतं, ते उकळून प्यायलं तर काही होत नाही, एवढं एक वाक्य खरं म्हणजे पहिल्याच आठवड्यात प्रत्येक संस्थेने आपल्या आवाजात पाठवायला हवं होतं, मग फॉरवर्डला जागाच उरली नसती. व्हॉट्सॲपने २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलंय, त्याच्यावर दोन बाण दिसतात. गुरांच्या औषधाच्या मेसेजवर दोन बाण दिसले की तो तुझ्यापाशी थांबव. खाली डॉक्टरचं नाव छापलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस, नाव कोणीपण टाईप करतं. कुठल्या साली, कुठल्या भागासाठी लिहिलंय ते नसेल तर तो मेसेज आपल्या कामाचा नाही.

तुझ्या शिक्षणाचा उपयोग दुसऱ्या दिशेने जास्त होईल, म्हणजे गावाकडून डॉक्टरकडे जाणारा मेसेज चांगला करून देण्यात. लोक काय करतात, म्हशीचा अंधारातला धुरकट फोटो काढतात आणि खाली लिहितात "साहेब म्हैस खात नाही". साहेबाने काय ओळखायचं? तू शिकव, उजेडात तीन फोटो, पूर्ण जनावर डाव्या बाजूने, तोंड, आणि जिथे दुखतंय ती जागा. शेणाचा एक. लंगडत असेल किंवा धाप लागली असेल तर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. सोबत कधीपासून, रवंथ करते का, लघवीचा रंग काय, किती महिन्यांची गाभण किंवा कधी व्यायली, आधी काय औषध दिलंय, बिल्ल्याचा नंबर. ताप बघायचा थर्मामीटर वाडीत एक तरी असावा, गायीचं अंग नेहमी १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं, माणसाच्या हिशोबाने बघितलं तर निरोगी गायपण तापलेली वाटते. पावसाळ्यात गोचीड खूप असताना लाल लघवी दिसली तर फोटो सगळ्यात आधी पाठवायचा, ते गोचीड तापाचं असू शकतं आणि थांबून चालत नाही.

आणि काही वेळा मेसेज करायचाच नाही, सरळ फोन. डावी कूस ढोलासारखी फुगली, वासरू अडलं, व्यायल्यावर एक-दोन दिवसांत गाय मान वळवून बसली आणि कान थंड पडले, सर्पदंश. मान वळवून बसलेल्या गायीला तोंडाने काही पाजू नका, गिळता येत नसतं आणि औषध फुप्फुसात जातं. तालुक्याच्या दवाखान्याचा नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर, हे दोन गोठ्याच्या खांबावर रंगाने लिहून ठेवा, फोनची बॅटरी गेली तरी शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

प्रश्न : आम्ही ज्या ग्रुपमध्ये आहोत तिथे घाटावरचे लोक जास्त. ते मुरघास, मका, लसूणघास असलं सांगतात. आमच्याकडे डोंगर, कातळ आणि भाताचा पेंढा. गावठी गाय दोन लिटर देते. ह्यातलं आम्हाला काय लागू पडतं?
— एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : जवळजवळ काहीच नाही, आणि तुम्हाला ते कळलं हे बरं झालं, कारण असले मेसेज वाचून माणसाला उगाच वाटतं आपलंच काहीतरी कमी आहे. तुमची गावठी गाय म्हणजे बहुतेक कोकण कपिला, ह्या जातीची आता राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून नोंद झालेली आहे. अंगाने लहान, डोंगर चढणारी, धो धो पावसात टिकणारी आणि चारा कमी खाणारी. तिला वीस लिटरच्या विदेशी होल्स्टिन गायीचा खुराक सांगणारा मेसेज म्हणजे खिशाला भोक. तिच्यासाठी मेसेज वेगळे पाहिजेत आणि ते आपल्या पावसाच्या हिशोबाने पाहिजेत.

मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, खरेदी चालू असते, मसाला, सुकी मासळी, कांदे-बटाटे, तेव्हाच गुरांच्या आगोटीचा मेसेज जायला हवा : घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाच्या आधी, गोठ्याची कौलं-पत्रे शेकारून घ्या, पेंढा उंचावर. जून ते ऑगस्ट सतत पाऊस, गोठ्याची जमीन वाळतच नाही. तेव्हा आहारावर व्याख्यान नको, फक्त कास आणि खूर. धार काढल्यावर सडांची तोंडं थोडा वेळ उघडी राहतात, म्हैस लगेच चिखलात बसली की कासदाह आत जातो. म्हणून मेसेज काय तर "धार झाली की पुढ्यात वैरण टाका, अर्धा तास उभी राहू दे". फुकटचा उपाय आहे, त्याच दिवशी करता येतो. गणपतीच्या आधी दुधाला मागणी चढते, तेव्हा भावाचा मेसेज लोक बरोबर वाचतात, त्याच्यातच एक ओळ गुरांची घुसवून द्या.

भात कापणीनंतर गुरं मळ्यात मोकळी सोडतो आपण. पाणथळ जागी गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातले चपटे कृमी गुरांच्या पोटात जातात, जनावर खातं पण लागत नाही, पातळ हगतं, जबड्याखाली सूज येते. हा मेसेज घाटावरच्या ग्रुपवर फारसा येणार नाही, तुमच्या ग्रुपवर दिवाळीच्या पुढेमागे आलाच पाहिजे : शेण तपासून घ्या, औषध डॉक्टरांना विचारून.

पेंढ्यावर मात्र थोडं थांबतो. पेंढा युरियाची प्रक्रिया करून दिला तर जास्त पचतो आणि आपल्याकडे दुसरं आहे काय, त्यामुळे हे कामाचं आहेच. १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटरच्या आसपास पाणी, थर लावून शिंपडायचं, तुडवून दाबायचं, प्लास्टिकने बंद करून २१ दिवस ठेवायचं, मग काढून उग्र वास जाईपर्यंत पसरून घालायचा. सहा महिन्यांखालच्या वासराला द्यायचा नाही. वाचायला सोपं आहे, पण हे नुसत्या मेसेजवर सोडू नये असं माझं पक्कं मत आहे. युरिया नुसता पोटात गेला तर विष आहे, आणि मेसेज लोक अर्धा ऐकतात, पाणी-युरियाची बालदी उघडी राहते आणि तहानलेली म्हैस तिथे तोंड घालते. ज्या कामात चूक झाली तर जनावर मरतं, ते आधी वाडीतल्या एका उडवीपाशी सगळ्यांना बोलावून हाताने करून दाखवायचं. मेसेज त्यानंतर, २१व्या दिवशी, "आज उघडा" म्हणून. दाखवायला कोण येईल विचाराल तर कृषी विज्ञान केंद्रं आहेत, सिंधुदुर्गात किर्लोसला, रायगडात रोह्याला, तिकडे डहाणूच्या बाजूला कोसबाडला, आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ तर आपलंच.

प्रश्न : आमच्या वाडीत रेंज नाही. टेपावर (वरच्या टेकाडावर) गेलं की दोन काड्या येतात. पावसात लाईट गेली की फोनच बंद. व्हॉट्सॲप बरं की साधा एसएमएस?
— मंडणगड तालुका

उत्तर : तुमच्याकडे एसएमएस बरा, तो थोड्या रेंजवरपण घुसतो आणि बटणाच्या फोनवर चालतो. जुनी गोष्ट आहे ही, रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने २००७ मध्ये महाराष्ट्रातच शेतकऱ्यांना मराठी एसएमएसवर बाजारभाव, हवामान द्यायला सुरुवात केली होती, आणि सरकारची एम-किसान ही एसएमएस सेवा जुलै २०१३ पासूनची. पण मराठीत एका एसएमएसला ७० अक्षरंच मिळतात, इंग्रजीत १६०, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. म्हणजे "माजावर" ह्यातच सहा गेली. त्याच्यावर गेलं की दोन मेसेजचे पैसे. तेव्हा नमस्कार, चमत्कार काढून टाका, पहिला शब्द तारीख. तारीख का, तर तुमच्याकडे मेसेज आज निघतो आणि टेपावर गेल्यावर चार दिवसांनी सगळे एकदम पडतात, "उद्या लसीकरण" असं लिहिलं तर कोणता उद्या? "१२ जून, सकाळी ९, देवळाजवळ, लस" एवढं पुरतं.

संस्थेला एकदम शेकड्याने एसएमएस पाठवायचे तर टेलिकॉम कंपनीकडे नाव आणि मेसेजचा मसुदा आधी नोंदवावा लागतो, त्या भानगडीत लहान संस्थेने पडू नये, आपल्या फोनवरून थोडे थोडे पाठवावेत. आणि जुलैत लाईट आठवडा आठवडा येत नाही तेव्हा दुधाच्या किटलीबरोबर चिठ्ठी पाठवा. सोसायटीच्या दारातल्या फळ्यावर तोच मेसेज खडूने लिहा. दूध घालायला माणूस रोज येतोच.

प्रश्न : मी डोंबिवलीला आयटीत आहे, गाव सावंतवाडीकडे. गावच्या दूधवाल्यांसाठी ॲप बनवून द्यायचा विचार आहे, मित्र मदत करतील. फीचर काय काय असावेत?
— एक चाकरमानी

उत्तर : ॲप नको बनवूस रे बाबा. राग मानू नकोस. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचं ई-गोपाला ॲप सप्टेंबर २०२० पासून आहे, ते तुझ्या गावात कितीजणांच्या फोनमध्ये आहे ते मे महिन्यात जाशील तेव्हा विचार. नवीन ॲप म्हणजे डाउनलोड, पासवर्ड, अपडेट, फोनमध्ये जागा नाही, आणि तू नोकरी बदललीस की बंद. लोक व्हॉट्सॲप उघडतातच, तिथेच राहा.

तू काय करू शकतोस ते सांगतो. वर सचिवांना जी वही सांगितली ती तू शीटमध्ये ठेव. रेतनाची तारीख टाकली की पुढच्या सगळ्या तारखा आपोआप निघतील असा फॉर्म्युला तुला झोपेतपण लिहिता येईल. दर रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याची यादी काढ आणि संस्थेच्या सचिवाला पाठव, कोणाच्या गायीचा १७वा दिवस, कोणाची आटवायची, कोणाची व्यायची. मेसेज त्याच्या आवाजात जाऊ दे, तुझ्या नको, तुला वाडीतले ओळखतात पण गुरांच्या बाबतीत तुझं ऐकणार नाहीत आणि बरोबरच आहे. महिन्याला एकदा उलट हिशोब बघ : किती मेसेजना मिस कॉल आला, कितींची गाभण तपासणी झाली, कोण बिलकुल उत्तर देत नाही. जो उत्तर देत नाही त्याला तिसरा मेसेज न पाठवता फोन करायला सांग, बहुतेक वेळा त्याने म्हैस विकलेली असते नाहीतर सिम बदललेलं असतं. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ॲपऐवजी गोठ्यात राबणाऱ्या दोन-तीन बायकांचा वर्षाचा रिचार्ज भर.

प्रश्न : मेसेज वाचून दूध वाढतं काय हो? सरळ सांगा.
— एक जुने वाचक, रोहा

उत्तर : आबा, मेसेज वाचून वाढत नाही. माज चुकला नाही तर २१ दिवसांचा फुकट जाणारा खुराक वाचतो आणि पुढचं वेत तेवढं अलीकडे येतं, एवढं मात्र खरं. पण मेसेज गेला "माज दिसला तर कळवा", तुम्ही कळवलंत, आणि रेतनाला माणूसच आला नाही, तर पुढच्या खेपेला तुम्ही कळवणार नाही. म्हणून मी संस्थांना सांगतो की ज्या कामाला माणूस, लस, औषध हाताशी नाही त्याचा मेसेज सोडू नका. रोह्यात बसून तुम्हाला काही विचारायचं असेल तर १८००-१८०-१५५१ हे किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. गुरांचंपण विचारता येतं.

प्रश्न : संस्थेच्या ग्रुपमध्ये माझा नंबर सगळ्यांना दिसतो. त्याच्यानंतर अनोळखी फोन यायला लागले, गाय घेता का, कर्ज पाहिजे का. परवा योजनेच्या नावाने एक फाईल आली.
— एक वाचक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : ती फाईल उघडली नाहीत ना? नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती फाईल नसून ॲप असतं, योजनेच्या नावाने येतं आणि बँकेचे मेसेज वाचून पैसे काढतं. डिलीट करा, ज्याने टाकली त्याला फोन करून सांगा, त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो. उघडली असेल तर आधी नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा.

नंबर दिसण्याचं म्हणाल तर ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एकाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही, म्हणून बायका सभासद असलेल्या संस्थांनी तीच वापरावी. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतला घोषणांचा जो ग्रुप असतो तिथेपण बाकीच्या सभासदांना नंबर दिसत नाही, ॲडमिनला दिसतो. सचिवांना हे दोन पर्याय दाखवा, नाही म्हणाले तर तुम्ही ग्रुप सोडा आणि माझे मेसेज एकटीला पाठवा म्हणून सांगा. लसीचा निरोप त्यामुळे चुकणार नाही.